आत्यांची लोकर आणि अर्धी पुस्तकं

जगात आजवर जेवढ्या चुका झाल्या, त्या सगळ्या माझ्या मैत्रिणीच्या आत्यांना सापडलेल्या आहेत; ज्या सापडल्या नाहीत, त्या अजून कुणी केलेल्याच नाहीत. हे मी थोडं रागाने लिहिते आहे असं वाटेल. तसं ते आहेच. गिरगावातल्या आपल्या दोन खोल्यांत, खिडकीपाशी खुर्ची टाकून, मांडीवर लोकर आणि समोर पोह्यांच्या डब्याला टेकवलेलं पुस्तक घेऊन ह्या बाई दिवसभर बसतात आणि दोन्हींना नावं ठेवतात. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, आणि आत्या स्वेटर विणताहेत. मुंबईत एवढी लोकर कशाला, असं मी एकदा भीत भीत विचारलं होतं. "तुझ्यासाठी नाही, काळजी करू नकोस," असं उत्तर आलं.

एक टाका चुकला तर आत्या तो टाका दुरुस्त करत नाहीत, सगळं उसवतात. पाठ झालेली असो, बाह्या जोडलेल्या असोत, सरसर सगळं मांडीवर. "वरून झाकपाक करायची, हे तुमच्या पिढीचं काम," असं वर ऐकवतात. मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा निळा स्वेटर तो पाळण्यात असताना सुरू झाला. त्याला मिशी फुटली तरी स्वेटर छातीपर्यंतच आला होता. माप तेवढं दर वेळी वाढवून घेत. दुसऱ्यांच्या चुकाही त्यांना सहन होत नाहीत. एकदा डॉक्टरांकडे त्यांच्या शेजारी एक बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. आत्यांना त्यांच्या पाठीवर निसटलेला टाका दिसला. त्यांनी केसातली पिन काढली आणि न विचारता काम सुरू केलं. तेवढ्यात त्या बाईंचा नंबर लागला. आत डॉक्टरांसमोर दोघी एकाच धाग्याने बांधलेल्या उभ्या राहिल्या. "पेशंट कोण?" डॉक्टरांनी विचारलं. "स्वेटर," आत्या म्हणाल्या.

मी मात्र त्यांच्याकडे पुस्तकांमुळे जायला लागले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लालबागच्या आमच्या खोलीत कॅलेंडर आणि आरत्यांचं पुस्तक सोडलं तर वाचण्यासारखं काही नव्हतं. त्यामुळे पुस्तक हातात घेतलं की शेवटपर्यंत वाचायचं, न कळलं तरी, असा माझा नियम होता. आत्यांचा नियम उलटा. पहिली चूक सापडली की पुस्तक बंद. वाचनालयाच्या पुस्तकांत लाल पेनाने चुका दाखवल्यामुळे तिथल्या ग्रंथपालांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. म्हणून पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे आलं. बदल्यात त्या मला विणकाम शिकवणार होत्या. शिकवणं म्हणजे काय, तर मी विणायचं आणि त्यांनी उसवायचं.

गेल्या वर्षीचा एक आठवडा मला चांगला आठवतो. सोमवारी मी ऐतिहासिक कादंबरी नेली. सुरुवातीलाच अमावास्येच्या रात्री लढाई होती आणि पुढच्या पानावर नायकाची तलवार चांदण्यात चमकत होती. "परत दे. आणि सांग त्यांना, पंचांग ठेवा म्हणावं आधी." मंगळवारी एका मोठ्या अधिकाऱ्यांचं आत्मचरित्र. "मी अगदी सामान्य माणूस, असं म्हणतोय, आणि दर चार पानांना ह्याचा हार घातलेला फोटो! ह्याच्या बारशालाही हाच अध्यक्ष असणार." बुधवारी रहस्यकथा. तिच्यात बंगल्यात आधी चार नोकर होते, मग पाच झाले. "पाचवा आला कुठून? त्यानेच केला असेल खून. ने." खून कुणी केला हे मला अजून माहीत नाही, आत्यांना तर कुठल्याच खुनाचं माहीत नाही. गुरुवारी मी घाबरत एक प्रेमाची कादंबरी नेली. तिच्यातली नायिका नायकासाठी दोन रात्रींत स्वेटर विणते. आत्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बाह्यांसकट?" "हो." "ही बाई आहे की मशीन? लालबाग, तुला पुस्तक उचलताना लाज वाटली नाही?" त्या मला नावाने कधीच हाक मारत नाहीत.

त्याच रात्री माझ्या वहिनीला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. परळच्या हॉस्पिटलात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अंगात ऊब टिकत नव्हती. सिस्टर म्हणाल्या, डोकं उघडं ठेवायचं नाही, संध्याकाळपर्यंत मऊ लोकरीची टोपी आणून द्या. दादा दुकानंदुकानं फिरला. सगळ्या टोप्या बाळाच्या गळ्यापर्यंत येतील एवढ्या. आई रडत म्हणाली, "तुझ्या त्या आत्येक सांग गो. तिका विणूक येता मां?" मी सांगायला निघाले खरी, पण मनात धाकधूक होती. विणायला त्यांना येतं हो, पण संपवायला?

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मूठ कर," त्या म्हणाल्या. मी मूठ केली. त्यांनी ती फिरवून पाहिली, मग उठून भाच्याचा निळा स्वेटर काढला आणि सुईवरून उतरवून सरसर उसवला. "नवी लोकर टोचेल त्याला. ही इतकी वर्षं उसवून उसवून भाताच्या पेजेसारखी झालीय." टाके घातले आणि म्हणाल्या, "वाच काहीतरी. माझ्या हातांकडे बघत बसू नकोस."

पिशवीत कालचीच कादंबरी होती, परत करायची राहिलेली. मी तीच वाचायला लागले. नायिका विणत होती, आत्याही विणत होत्या. मधेच मी मान वर केली आणि मला दिसलं, कडेपासून थोड्या वर एक उलटा टाका सुलटा पडला होता. त्याच्यावर बऱ्याच ओळी झाल्या होत्या. आत्यांचा अंगठाही नेमका तिथेच थांबलेला होता. चार वाजून गेले होते. आता उसवणार. हातांना सवयच ती.

"थांबलीस का?" आत्या खेकसल्या. "संपव ते भिकार पुस्तक."

आणि सुया पुढे चालायला लागल्या.

पुस्तक संपलं नाही, पण टोपी संपली. मी ती घेऊन परळला धावले. सिस्टरनी ती काचेच्या आत नेऊन त्याच्या डोक्यावर चढवली, आणि ती बसली.

पुढे बरेच आठवडे गेले, मग तो घरी आला. बारशाला आत्या टॅक्सी करून आल्या. पाळण्यात डोकावल्या, "नाक बापावर गेलंय, इलाज नाही," म्हणाल्या आणि लगेच विचारलं, "ती टोपी कुठाय?" वहिनीने कौतुकाने कपाटातून काढून दिली. आत्यांनी चष्मा सावरला आणि धाग्याचं टोक शोधायला सुरुवात केली. "अहो आत्या!" मी ओरडले. "ओरडतेस काय? तासाभरात नीट करून देते." माझी वहिनी कधी कुणाला उलट बोलत नाही. तिने टोपी त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली. "नको हो आत्या. हीच घालून राहिला तो तिथे. असू दे तशीच."

"धुताना गरम पाणी घालू नका," आत्या म्हणाल्या आणि घुगऱ्यांची वाटी घेऊन कोपऱ्यात बसल्या. घुगऱ्यांत मीठ कमी होतं. तरी त्यांनी वाटी संपवली.

त्यांच्यात फरक पडला असं कुणी समजू नये. परवाच त्यांनी एक प्रवासवर्णन तिसऱ्या पानावर बंद केलं आणि माझ्या मफलरला पायपुसणं म्हणाल्या. बाळाचं डोकं वाढलं म्हणून त्याच्यासाठी मोठी टोपी सुरू केली आहे. तीही किती वेळा उसवून झाली. पण हल्ली त्यांना संध्याकाळी नीट दिसत नाही. पुस्तक मीच वाचून दाखवते, त्या अंदाजाने विणतात. काल कानाजवळ एक टाका चुकला. मला आधी दिसला. त्या तशाच पुढे गेल्या, बोटांनी टाके चाचपत, पुटपुटत. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि पान उलटून पुढचं वाचायला घेतलं.