हळद लावलेला कटला

एखाद्या जीवाला त्याचं खरं नाव मिळणं हा ज्ञानाचा विजय असतो. हे वाक्य बारामतीच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख दर उद्घाटनाला म्हणत, आणि उद्घाटनं बरीच होत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या तळ्यात कटला माशांच्या अंगावर तांबडे व्रण उठले, आणि रोज काही मासे उलटे तरंगू लागले. या शेतकऱ्यानं, तात्यांनी, उसाचं रान मोडून तळं खोदलेलं. भावकी बांधावर उभी राहून मजा बघत होती. उरलेले मासे जगावेत, एवढंच तात्यांना हवं होतं.

मी तेव्हा विभागात शिकवत होतो. तात्या माझ्याकडे आले, तेव्हा मी आजारी मासा मागवला. दुसऱ्या खेपेला ते एसटीनं घेऊन आले. स्टीलच्या डब्यात कटला होता, खवले काढलेला, पोट साफ केलेला, मीठ-हळद चोळलेला. साहेबांना मासा तसाच कसा द्यायचा, असं मालकिणीचं म्हणणं पडलं होतं. मला जखमेतला जिवाणू हवा होता. जखम तिनं नीट कापून टाकली होती. विभागप्रमुखांनी तो मासा बराच वेळ गंभीरपणे पाहिला.

मग मीच तळ्यावर जाऊन जखमेतला जिवाणू आणला, वाढवला. नेहमीच्या सगळ्या चाचण्या केल्या. एका पुस्तकानं एक नाव दिलं, दुसऱ्यानं दुसरं. तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून त्याच्या जनुकातल्या अक्षरांचा क्रम वाचून घ्यायचं ठरलं. तो क्रम ओळखीच्या जिवाणूंशी ताडला की घराणं कळतं. तोवर तात्यांना काही सांगणं शास्त्राला धरून होणार नाही, असं विभागप्रमुखांचं मत होतं.

तात्या दर बाजाराला येऊन विचारत. एकदा म्हणाले, "सर, त्याचं नाव-गाव निघंपतूर मासं थांबत्याल व्हय?"

मी त्यांना खाद्य बंद करून तळ्यात चुना टाकायला सांगितलं. तेवढ्यापुरतं दोन्ही पुस्तकांचं एकमत होतं. मर हळूहळू थांबली. मासे भिगवणच्या बाजारात गेले. काही भावकीनंही नेले, चव बघायला.

पुण्याहून उत्तर आलं ते थंडीत. जिवाणू तिसराच निघाला. विभागप्रमुखांनी नारळ फोडला, भाषण केलं आणि मला इंदापूरला पाठवलं. तात्यांनी ते लांबलचक लॅटिन नाव शांतपणे ऐकून घेतलं.

"मग औषिद बदलतंय का?"

"नाही. चुनाच."

"मग बरं झालं. बसा, च्या घ्या."

तळं वाळवून त्यांनी गाळात गहू पेरला होता. तो पोटरीला आला होता, ओंब्या बाहेर पडायच्या बेतात.