यादीतली जनावरं

जंगल खात्यात नोकरी केली म्हटलं की लोक वाघाचे किस्से मागतात. माझ्याकडे वाघाचा एकही नाही. मी कारकून होतो. मुळशी धरणाच्या अलीकडे दोन खोल्यांचं कौलारू ऑफिस, तिथं सहा वर्षं काढली. वाघ काही ऑफिसात आला नाही, माणसं मात्र रोज यायची. त्यामुळे साठले ते माणसांचेच, आणि तेही बहुतेक कायद्यापायी घडलेले.

देशाला पहिले राष्ट्रपती मिळाले, त्यांची तसबीर आमच्या भिंतीवर लागली, आणि पाठोपाठ मुंबई सरकारचा रानटी जनावरांच्या नि पाखरांच्या रक्षणाचा कायदा आला. यादीतलं जनावर परवान्याशिवाय मारायचं नाही, असं त्याचं सार. तो राबवायला ऑफिसात आम्ही तिघं : रेंजरसाहेब, इथलाच भूमिपुत्र असलेला गार्ड गेनू, आणि मी.

* * *

यादी इंग्रजीत होती. गावोगाव वाचून दाखवायची म्हणून तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात वाढलेला. जनावर म्हणजे टांग्याचा घोडा, एवढीच माझी ओळख. मी डिक्शनरी काढली आणि एका ओळीत ‘राक्षसी खार’ असं लिहून मोकळा झालो.

घाटाकडच्या एका गावात देवराईच्या कडेला सभा भरली. साहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं, “राक्षसी खार मारल्यास शिक्षा होईल.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. बायकांनी पोरं जवळ ओढली. एक म्हातारा उठून म्हणाला, “सायेब, राक्षस मारल्यावं शिक्षा कशापायी?”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे. गेनूनं नुसतं वर बोट दाखवलं. डोक्यावरच्या फांदीवर झुपकेदार शेपटी लोंबती सोडून एक जनावर निवांत फळ खात होतं.

“शेकरू म्हनत्यात त्येला,” गेनू म्हणाला.

“मग शेकरू म्हना की,” म्हातारा खाली बसला. “उगा भ्या घातलं समद्यास्नी.”

* * *

घोटावडे गावात यादीचं वाचन संपल्यावर एका शेतकऱ्यानं विचारलं, “रानडुक्कर शेतात घुसलं तर?”

“पीक वाचवायला मारता येईल,” साहेब म्हणाले. “रानात जाऊन मात्र मारायचं नाही.”

“आन म्या रानात गेलो, आन त्येनं मला मारलं तर?”

“तसं कायद्यात काही नाही.”

शेतकऱ्यानं जरा विचार केला. “म्हंजी त्ये माज्या शेतात आलं तर म्या मारायचं, म्या त्येच्या रानात गेलो तर त्येनं. बराबर हाय. येवडंच इचारायचं हुतं.”

एवढा नीट अर्थ आमच्या ऑफिसात कुणी लावला नव्हता.

* * *

राखीव जंगलात चराई बंद, हा नियम जुनाच. पण नव्या कायद्याच्या भरात साहेबांनी तोही कडक लावला. ठकूबाई नावाच्या धनगरणीच्या पाच शेळ्या कोंडवाड्यात आल्या. ती सोडवायला येईपर्यंत त्यातली एक व्याली.

साहेबांनी कागद बघितला. “पाच शेळ्यांचा दाखला आहे. सहावं सोडता येणार नाही.”

मला वाटलं, बाई आता रडणार, भांडणार. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या मग. सरकारी जागंत झालंय, सरकारचंच त्ये.” आणि पाच शेळ्या घेऊन चालू लागली.

करडू दुपारभर ओरडत होतं. गेनूनं कापडाच्या बोळ्यानं दूध पाजायचा प्रयत्न केला, ते पिईना. साहेब दोनदा बाहेर आले, दोनदा आत गेले. तिसऱ्यांदा बाहेर आले ते टोपी घालूनच. करडू काखेत मारून डोंगरावरच्या धनगरवाड्यापर्यंत स्वतः चढले. मी मागं.

ठकूबाई दारातच बसली होती. तिनं करडाकडं बघितलं, घामानं निथळणाऱ्या साहेबांकडं बघितलं.

“दाखला आनलाय का?” ती म्हणाली.

* * *

पुण्याचे एक गृहस्थ रीतसर परवाना घेऊन सांबराच्या शिकारीला आले. जीप, दुर्बीण, सगळं होतं. वाटाड्या म्हणून गेनू दिला. तीन दिवस रान तुडवून परत आले ते रागावूनच. “तुमच्या जंगलात एकही सांबर नाही,” म्हणाले आणि निघून गेले.

साहेबांनी गेनूला आत बोलावलं. “खरंच दिसलं नाही?”

“दिसली की,” गेनू म्हणाला. “पर परवाना येकाचाच हुता. थितं सात हुती. म्हनलं, सायबांची पंचाईत नगं.”

* * *

गेनूचे वडील बाजीबाबा म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले शिकारी. कायदा आला तेव्हा गेनूनं घरी बसून त्यांना यादी दोनदा वाचून दाखवली होती. तरी एका सकाळी गेनू ऑफिसात आला, टेबलावर वडिलांची ठासणीची बंदूक ठेवली आणि म्हणाला, “बानं यादीतलं भेकर मारलंया. केस लिवा.”

साहेबांनी त्याला खुर्ची दिली. “गेनू, कुणी बघितलं नसेल तर...”

“म्या बघितलं,” तो म्हणाला. बसला नाही.

मी लिहिलं. पुढं बंदूक सरकारजमा झाली, म्हाताऱ्याला ताकीद मिळाली आणि बापलेक कोर्टातून एकाच वाटेनं घरी गेले. माझ्या लक्षात राहिले ते कोर्टातले सवालजवाब.

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “बाबा, कायदा माहीत होता?”

“व्हय. पोरानंच वाचून दावला.”

“तरी मारलंत?”

“सून बाळंत झालीया. अंगात रगत न्हाई तिच्या. मटनाचा रस पायजे हुता.”

“सून म्हणजे कोणाची बायको?”

बाजीबाबांनी गेनूकडे हात केला. “फिर्यादीची.”

मॅजिस्ट्रेट गेनूकडे वळले.

“बायकोनं रस घेतला?”

“व्हय सायेब. वाडगाभर.”

“आणि तू?”

गेनू सरळ उभा होता. “म्याबी जेवलो.”

मॅजिस्ट्रेटनी टाक खाली ठेवला. “मग फिर्याद कधी दिलीस?”

“हात धुऊन,” गेनू म्हणाला.