आबांच्या चंचीतल्या गोळ्या

घरात एकाला हार्ट अटॅक आला की तो त्या एकट्यापुरता राहत नाही. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यात भेटायला येणारा प्रत्येक जण त्याची एक तरी गोष्ट ऐकूनच जातो. माझे सासरे, आबा, अजून ओटीवर बसलेले आहेत म्हणून त्या हसत सांगता येतात. तरी सांगताना माझा एक कान ओटीकडेच असतो.

*

त्या सकाळी आबांच्या छातीवर दाबल्यासारखं झालं, दरदरून घाम आला. सासूबाई म्हणाल्या गॅस असेल, आणि ओव्याचं पाणी दिलं. आबांचे लहानपणापासूनचे मित्र बारकूदादा सोडा घेऊन आले. मी मात्र माझ्या लेकीला, चिमीला, कडेवर घेतलं आणि सगळ्यांना फाट्यावर जीपकडे ओढत नेलं.

ड्रायव्हर निघायला तयार होता. तर आबाच आतून म्हणाले, "थांब रे, दोन सीट रिकाम्या हायेत. तुझं डिझेल फुकट जाईल."

मी आरडाओरडा केला, पण आबांपुढे ड्रायव्हर माझं कशाला ऐकतोय! कोंबड्या घेऊन एक बाई चढली तेव्हा गाडी हलली.

शहापूरला डॉक्टर चिडले, एवढा उशीर का केला म्हणून. आबा म्हणाले, "गाडी भरायची होती."

*

पुढे ठाण्याला नेऊन हृदयाची बंद झालेली नळी उघडली, आबा घरी आले. शहापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात वाचता कोणाला येतं? नवरा कंपनीत, सासूबाई अंगठेबहाद्दर. सातवी पास मीच. मग त्यांनी मलाच बजावलं की गोळी एक दिवस चुकायची नाही, तंबाखू बंद, मीठ कमी, रोज चालणं. चुकलं तर दुसरा झटका येऊ शकतो, आणि दर वेळी माणूस हाती लागतोच असं नाही.

तेव्हापासून माझी झोपच उडाली.

*

आबा अळणी जेवण मुकाट जेवायचे. संध्याकाळी न सांगता चालायला जायचे. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. मग एकदा त्यांच्या सदऱ्यावर मला सुकटीची चटणी दिसली. चालणं रोज बारकूदादांच्या चुलीपर्यंतच होत होतं.

"डाक्टरनी चालायला सांगितलं," आबा म्हणाले. "कुठं चालायचं ते कुठं सांगितलंय?"

*

चिमी तान्ही असताना मी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायचे. तीच सवय आबांवर गेली. एका दुपारी ते ओटीवर डोळे मिटून पडले होते. छाती हलताना दिसेना. मी हळूच बोट नेलं.

डोळे न उघडता ते म्हणाले, "हाय गो, हाय. जा, भात बघ, करपतोय."

*

तंबाखू त्यांनी खरंच सोडली. पण चंची सोडवेना, कमरेला मोकळं मोकळं वाटतं म्हणाले. मी म्हटलं, राहू दे. कापडाची पिशवी, ती काय करणार आहे?

मग महिन्याच्या गोळ्या पंधरवड्यातच संपल्या.  विचारलं तर कळलं, विसरायला नको म्हणून आबांनी गोळ्या पाकिटातून काढून चंचीत भरल्या होत्या. आणि आमच्याकडे चार माणसांत चंची उघडली की आधी समोरच्यापुढे धरायची.

"एकट्यानं कसं खाऊ गो? माणसं काय म्हणतील?"

बारकूदादांनीही घेतल्या होत्या. गुडघ्याला आराम पडला म्हणे! मी त्यांना हात जोडले, ती रक्त पातळ करायची गोळी आहे, परत घेऊ नका. चिमी त्याच चंचीशी खेळते हे आठवलं आणि मी ती लगेच उलटी करून धुऊन काढली. दुसऱ्याच दिवशी शहापूरहून नव्या गोळ्या आणल्या आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवल्या. आता सासूबाईंनी दिवा लावला की आबांनी तिथेच उभं राहून गोळी घ्यायची. चंचीत मी भाजलेली बडीशेप आणि ओवा भरून दिला. वाटा म्हटलं, हवा तेवढा.

*

परवा शहापूरला तपासणीला गेलो. आबांची ईसीजीची पट्टी काढली, प्रेशर बघितलं, सगळं बरं निघालं. माझ्या जिवात जीव आला.

"तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद," आबा म्हणाले, आणि खुर्चीत बसताना सदरा वर गेला. कमरेची चंची डॉक्टरांनी बघितली. त्यांचा चेहराच बदलला. मला म्हणाले, तुम्हाला एवढं समजावलं होतं ना? 

आबांनी शांतपणे चंची सोडली आणि टेबलावरून त्यांच्यापुढे धरली. "बडीशेप-ओवा हाय. घ्या."

डॉक्टरांनी वास घेतला. हसले. मग चिमूटभर तळहातावर घेऊन, आबांशी बोलता बोलता, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती चोळली, दोनदा थोपटली आणि खालच्या ओठाआड ठेवली.

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग पुढे वाकून, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "तुमी कवा सोडली?"

डॉक्टरांनी आधी दरवाजा लोटून घेतला.