तिरका कट

चौकात उतरवून टाकलेलं लिंबू ओलांडून जाणारा माणूस आहे मी. सोसायटीत कुणी भुताखेतांचा विषय काढला की सगळ्यात आधी मीच हसायचो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

चाकणच्या एमआयडीसीत पत्रा कापून देणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी मेंटेनन्स बघायचो. लेझर कटिंगचं एक जुनं मशीन होतं, त्यावर दत्ता. लातूरकडचा, मला दादा म्हणायचा. मशीनचं दार उघडलं की सेन्सर लेझर बंद करतो. पण पत्र्याचा तुकडा अडकला की दर वेळी दार उघडा, मशीन पुन्हा चालू करा — यात वेळ जातो. म्हणून सुपरवायझर मानेंच्या सांगण्यावरून मी सेन्सरवर मॅग्नेट चिकटवला. सेन्सरला वाटतं, दार बंदच आहे. आमच्याकडे सर्रास करतात हे.

एका दुपारी दत्ताने तुकडा काढायला हात आत घातला आणि लेझरचं हेड परत आलं. डाव्या हाताची दोन बोटं पत्र्यावर पडली. रक्त फारसं आलंच नाही, जखम जागीच भाजली होती. तो वास अजून नाकातून जात नाही. दत्ता ओरडत होता, आणि मी आधी मॅग्नेट काढून खिशात घातला. मग त्याच्याकडे गेलो.

मानेंनी रिपोर्ट लिहिला — ऑपरेटरनेच सेन्सरशी छेडछाड केली. साक्षीदार म्हणून सही माझी. दुसऱ्या दिवशी मशीनपुढे नारळ फुटला. सेन्सर तपासायला कुणाला सवड नव्हती, नारळाला होती.

त्या दिवसापासून मशीन तिरकं कापायला लागलं. म्हणजे असं — या लेझरच्या प्रकाशाची लाट एकाच दिशेत थरथरत बाहेर पडते. त्या दिशेचा कट स्वच्छ येतो, आडव्या कटाची कड तिरकी उतरते. म्हणून वाटेत एक खास आरसा असतो, तो त्या लाटेला गोल फिरवतो आणि मग चारी बाजूंनी सारखं कापतं. आरसा गेला असणार म्हणून मी नवा बसवला. फरक शून्य. रोज सकाळी एक चकती कापून स्वच्छ कटाची दिशा मार्करने मशीनवर आखू लागलो, तर ती दिशा रोज थोडी थोडी फिरत होती! भोसरीहून आलेला सर्व्हिस इंजिनीयर म्हणाला, ही दिशा आतले आरसे ठरवतात, ते बोल्टने आवळलेले आहेत, ती आपोआप फिरूच शकत नाही.

नवव्या दिवशी मी त्या रेषेवरून दोरा ताणला. दोरा सरळ माझ्या टूल ट्रॉलीवर गेला. तिच्या खालच्या कप्प्यात, त्या दिवशी खिशातून काढून मी लपवलेला, तो मॅग्नेट होता.

त्याच दुपारी दत्ताचा थोरला भाऊ बालाजी लोखंडी पाइप घेऊन आत घुसला. मानेंनी त्याची गचांडी धरली, म्हणाले, तुझ्या भावाचीच चूक आहे. पहिल्या फटक्यात मानेंचे दात पत्र्यावर पडले. दुसरा फटका डोक्यावर येणार, तोच मी मध्ये गेलो.

"मॅग्नेट मी लावला होता," म्हणालो. "काढलाही मीच."

पाइप माझ्यावर आला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. खाली पडल्यावर लाथा बसत राहिल्या, कुणी सोडवायला आलं नाही. बरोबरच होतं ते.

हॉस्पिटलमधून मी सगळं खरं लिहून फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे पाठवलं. दत्तावरचा ठपका गेला, माझी नोकरी गेली. वर्कशॉपमधल्या पोरांनी फोनवर सांगितलं, त्या दुपारपासून मशीन सरळ कापतंय, हात कुणीच लावला नाही.

मग दत्ताचा फोन आला. मी रडायलाच लागलो. त्याने मला रडू दिलं, आणि विचारलं,

"दादा, मशीन आता चारी बाजूंनी सारखं कापायलंय का?"

मशीन बिघडलं ते तो हॉस्पिटलात गेल्यावर. नंतर बालाजीला विचारलं, पोरांना विचारलं... त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्या वेळी मी फक्त हो म्हणालो.

"मग थांबतो आता," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तो इतके दिवस काय करत होता, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.