देवराव डंभाऱ्याचा पाच एचपीचा सर्व्हर

पांढरकवड्यात कृषी केंद्र चालवणारा देवराव डंभारे कुठलीही वस्तू घेताना आधी उचलून पाहतो. जड लागली तर चांगली, हलकी लागली तर दुकानदार चोर. स्वतःची अक्कल तेवढी त्यानं कधी उचलून पाहिली नाही.

गुलाबी बोंडअळीच्या साली त्याची समीक्षा चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेली. इकडची व्हिडिओ कॉलची ॲपं तिकडं बंद. पोळ्यानंतर गेलेल्या पोरीचं तोंड दिवाळी उलटली तरी विमलताईला, तिच्या आईला, दिसलं नव्हतं. शेवटी समीक्षानं साधा फोन लावून उपाय सांगितला. घरी व्हीपीएन सर्व्हर बसवायचा, म्हणजे तिचं नेट आपल्या घरच्या नेटमधून फिरून येईल आणि मायलेकी एकमेकींना पाहतील.

"बाबा, तळहाताएवढी पेटी भेटते. थेच घ्या. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर चालते."

"तळहाताएवढी?" देवराव हसला. "थो सर्व्हर होय का तंबाखूची डब्बी? अवं, तीनच्या कामाले आपण पाच एचपीची मोटर लावतो. काहून? व्होल्टेज पडलं तरी पाणी फेकते."

"बाबा, हे मोटर नोहे."

"तू डॉक्टर हो. मशीन मले समजते."

विहिरीवर ही रीत बरोबरच आहे. वीज अर्धमेली येते, लहान मोटर जळते. पण डंभाऱ्यानं विहीर घरात आणली. नागपुरात कुठलंसं ऑफिस बंद पडलं होतं, तिथला जुना सर्व्हर त्यानं उचलला. दोघांना पेलवेना तेव्हा त्याला पसंत पडला. सुरू केला की आतले पंखे असे घोंगावत की पाठीवरचा फवारणी पंप चालू राहिला असं वाटे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान; तिथं देवरावनं त्याला काउंटरवर बसवलं, हार घातला, नारळ फोडला. समोरच्या मोबाइलवाल्यानं समीक्षाला विचारत विचारत जोडणी केली.

त्या दिवसांत दुकानात शेतकरी येत ते कपाशीची किडकी बोंडं घेऊन. भावसिंग राठोडनं मूठभर बोंडं काउंटरवर फोडली. आत अळ्या वळवळत होत्या.

"देवरावभाऊ, या बियाण्याले अळी शिवत नाही म्हणत होते ना तुम्ही?"

"थे सोड. हे पाह्य. अख्ख्या तालुक्यात नाही असं मशीन."

भावसिंगनं मशीन खालीवर न्याहाळलं. "याची गॅरंटी बी तुम्हीच देल्ली काय?"

रविवारी विमलताई ठेवणीतली साडी नेसून फोनपुढं बसली. पोरीचा चेहरा आला. "आई, तू वाळली काहून वं?" एवढं ऐकू आलं आणि लाइट गेली. इन्व्हर्टरनं त्या धुडाचा भार क्षणभर पेलला, किंचाळला आणि बसला. राउटरही गेला. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही.

"लहान पेटी घ्या न," विमलताई म्हणाली. "पोरगी सांगून राह्यली."

"मंग लोक काय म्हणतील? डंभाऱ्याचं मशीन फेल गेलं?"

म्हणून या शहाण्यानं डिझेलचा जनरेटर आणला आणि मागच्या खिडकीखाली ठेवला.

यावेळी लाइट गेली, पण चेहरा गेला नाही. समीक्षा बोलत होती. तिचे ओठ हलत होते आणि घरात फक्त इंजिन धडधडत होतं.

"काय म्हणतं वं, पोरी?" विमलताई ओरडली.

समीक्षानं कानाला हात लावला, मान हलवली. मग उठून ताट आणलं आणि फोनपुढं धरलं. भात, वरून काहीतरी पातळ. विमलताईनं बोटं जुळवून विचारलं, एवढंसंच? पोरीनं पोटावरून हात फिरवला. विमलताई हसली, फोन जवळ घेतला.

"दिसते ना? आता दिसते ना?" देवराव आत आला, तिच्या हातून फोन घेतला आणि जनरेटर दाखवायला खिडकीबाहेर धरला.

विमलताई उठली. "तिले थेच दाखवा. माय कायले पाह्यजे?"

देवरावला ऐकू गेलं नाही. तो पोरीला इंजिनावर कोरलेला एचपीचा आकडा वाचून दाखवत होता.