कोण कुणाच्या मागे धावलं

बाईंना पक्षाघाताचा झटका आला तो स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. उजवा हात पुढे हळूहळू हलू लागला, पण बोलणं तुटलं ते तुटलंच. घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी घेऊन ज्यांनी गल्लीतल्या दोन पिढ्यांना इंग्रजी व्याकरण पाजलं, त्यांना आता पाणी मागायलाही खुणा कराव्या लागत.

स्पीच थेरपिस्ट मुलगी वयानं लहान, पण धीराची. तिनं दोन चित्रं मांडली. एकात मांजर कुत्र्यामागे धावत होतं, दुसऱ्यात कुत्रा मांजरामागे.

"द कॅट चेस्ट द डॉग. कुठलं?"

बाईंनी अचूक बोट ठेवलं.

"द डॉग वॉज चेस्ट बाय द कॅट."

बाईंचं बोट ठामपणे कुत्रा मांजरामागे धावत होता त्या चित्रावर गेलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

"या आजारात होतं असं," मुलगी म्हणाली. "आधी येईल तोच कर्ता वाटतो. पॅसिव्ह व्हॉइस सोडून देऊ या का आपण? रोजच्या बोलण्यात काही अडत नाही."

बाई लालबुंद झाल्या. ज्या धड्यात त्यांचा हातखंडा, तोच सोडायचा? त्यांनी जोरजोरात मान हलवली.

घरी येताच त्यांनी व्याकरणाचं पुस्तक नवऱ्यासमोर आपटलं. नवऱ्याचं कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि इंग्रजीशी छत्तीसचा आकडा.

"अगं, मला यातलं ओ की ठो कळत नाही!"

बाईंनी धडा उघडून पुढे सरकवला. मग काय करतात बिचारे! दुकान बंद केलं, हातावरचं ग्रीस घासून काढलं, चष्मा लावला आणि अक्षर अक्षर जुळवत सुरू झाले. "द डॉग वॉज... चेझेड..."

"चेस्ट!" बाई कडाडल्या. "चेस्ट!"

दोघंही चपापले. झटक्यानंतरचा तो पहिला धड शब्द. नवरोबा हसता हसता डोळे पुसू लागले. त्यानंतर ते खरंच चुकायचे की मुद्दाम, ते बाईंना कधीच कळलं नाही.

एकदा ते वैतागून म्हणाले, "आपल्या मराठीत बरं असतं. 'मांजराने' म्हटलं की झालं, काम मांजराचं. यांच्यात तो 'ने' गेला कुठे?"

बाई वाक्यावर वाकल्या. बोट फिरत फिरत 'बाय'वर थांबलं. "हा... ने," त्या म्हणाल्या. "पुढे... बघा."

मग रोज तेच. नवरोबा वाक्य वाचायचे, बाई आधी 'बाय' धरायच्या, मग त्याच्या पुढचा शब्द, आणि टेबलावर चमचा कर्ता मानून त्यानं कप ढकलून दाखवायच्या. चुकलं की चमचा भिरकावायच्या. तो उचलून नवरोबा पुढचं वाक्य घ्यायचे.

"द कप वॉज ब्रोकन. आता यात 'बाय'च नाही. कुणी फोडला?"

बाईंनी शांतपणे त्यांच्याकडे बोट केलं. "तुम्ही."

पुढच्या तपासणीत बाई ओठांत पुटपुटत एकेक चित्र निवडत गेल्या. बहुतेक बरोबर, काही चूक.

"दमलात का? थांबू या?" थेरपिस्टनं विचारलं.

"पुढचं," बाई म्हणाल्या.

काही महिन्यांनी पुढच्या खोलीत शिकवणीला दोन मुली येऊन बसल्या. "बाई, टेन्सपासून करू या? सोपं असतं."

"नाही. हेच." बाईंनी खडू उचलून फळ्यावर पॅसिव्हचं वाक्य लिहायला घेतलं. अक्षरं वाकडीतिकडी येत होती. "मला... वेळ लागेल. तुम्ही... बसा."

मुलींनी वह्या उघडल्या.