बासष्ट नंबर

"उलटं करून दाखव."

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाईंना काहीही दाखवायला नेलं, की त्या आधी हे म्हणायच्या. पोरींनी झबलं शिवून आणलं, समोर कितीही फुलं काढलेली असली, तरी बाईंचा हात सरळ आत जायचा आणि झबलं उलटं होऊन बाहेर यायचं. आतली टीप वाकडी असेल, दोरे लोंबत असतील, तर बाई रागवायच्या नाहीत. नुसतं उसवायला लावायच्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं, असं पोरी म्हणायच्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याबरोबर बाजाराला जाऊ नये. म्हसवडच्या बाजारात बाई मेथीची जुडी उलटी करून मुळं बघायच्या, तोवर भाजीवाली दुसरं गिऱ्हाईक करून मोकळी व्हायची. माझ्या नव्या शर्टाची बाही त्यांनी एकदा सगळ्या शिक्षकांसमोर उलटी केली आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, शिंप्यानं तुम्हाला गंडवलं." तो शर्ट त्यानंतर मला कधी आवडला नाही.

मी म्हसवडजवळच्या एका सरकारी हायस्कुलात क्लार्क आहे. क्लार्कला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. काम सांगताना बरं पडतं. बाई मूळच्या सांगलीच्या. शनिवारी दुपारच्या एसटीनं बहिणीकडे जायच्या, सोमवारी सकाळी परत यायच्या, आणि पिशवीतून आम्हाला गुळाचा खडा काढून द्यायच्या. त्यांचं असं सुरळीत चाललं होतं.

मग वरून परिपत्रक आलं. 'वर' म्हणजे नेमकं कुठं हे मला इतक्या नोकरीत कळलेलं नाही, पण सगळं तिथूनच येतं. संगणक हा विषय आता सक्तीचा, त्यात पास झाल्याशिवाय दहावीचा दाखला नाही. पाठोपाठ दहा संगणक आले. शिक्षक आला नाही. रिकामी करण्यासारखी खोली एकच होती, शिवणाची. मशिनी जिन्याखाली गेल्या आणि हेडसर म्हणाले, "बाई, खोली तुमचीच आहे, तेव्हा विषयही तुम्हीच घ्या."

बाईंनी वाद घातला नाही. सगळी उन्हाळ्याची सुट्टी त्यांनी सांगलीत एका क्लासात घालवली, भाच्याच्या वयाच्या मास्तरापुढे बसून. जूनमध्ये आल्या त्या गणवेशाच्या उरलेल्या कापडाचे दहा झगे घेऊन. संगणकांवर धूळ बसू नये म्हणून. मी एक उलटा करून बघितला. आत एकही दोरा लोंबत नव्हता.

शिकवायची तऱ्हा जुनीच. प्रत्येकानं सरपंचाला अर्ज लिहायचा, पण खराखुरा, आपल्याला हव्या असलेल्या कामाचा. अर्ज झाला की पोरगं ऐटीत वर बघायचं. "आता बंद कर," बाई म्हणायच्या. त्यानं बंद केलं की म्हणायच्या, "आता परत उघड." इथं भलेभले अडकायचे. लिहिलेलं कुठं गेलं ते सापडायचं नाही. "सापडलं तरच केलं म्हणायचं," एवढं बोलून बाई पुढच्याला बसवायच्या. दहावीची चौऱ्याऐंशी पोरं होती. भिंतीवर चौऱ्याऐंशी नावांची यादी लावली होती, आणि ज्याला बंद करून परत उघडता आलं त्याच्या नावापुढे बाई लाल पेन्सिलीनं खूण करायच्या. सरपंचाचा पुतण्या तीनदा अडकला. तीनदा परत रांगेत गेला.

दिवाळीला दहातले तीन संगणक चालत होते, नाताळला एक. दिवसाच्या लाईटचा भरवसा नव्हता. तरी बाई एकेक नंबर पुढं रेटत होत्या. फेब्रुवारीत एकसष्टाव्या नावापुढे खूण झाली आणि तो शेवटचाही बंद पडला. दुरुस्तीचा माणूस फोनवर रोज साताऱ्याहून निघत होता. मी स्मरणपत्रं पाठवत होतो. सातव्या स्मरणपत्राला उत्तर आलं, की आधीच्या सहा पत्रांच्या प्रती जोडाव्यात.

बासष्टावा नंबर एका धनगराच्या पोरीचा होता. बाप मेंढरं घेऊन आठ महिने कृष्णेकाठी, पोर आजीजवळ वस्तीवर. दुपारच्या सुट्टीत ती हातात वहीचा घडी घातलेला कागद घेऊन दारात उभी राहायची.

"बाई, माझा लंबर कवा?"

"येईल गं."

"अर्ज लिवून ठेवलाय म्या. वस्तीपाशी एसटी थांबावी म्हून."

"शाबास. जपून ठेव तो."

मग एक दिवस बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "भाऊसाहेब, तुमचा संगणक दुपारच्या सुट्टीत द्या. तेवीसच पोरं आहेत. रोज दोन बसवते."

मी मान वर केली नाही. "ऑफिसचं मशीन आहे बाई. सगळ्या शाळेची माहिती आहे त्यात. पोरांनी काही दाबलं आणि उडालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मला वाटलं, त्या पुन्हा विचारतील. पुन्हा विचारलं असतं तर मी कदाचित दिला असता. कदाचित म्हणतोय, कारण माझी मला खात्री नाही. त्या "बरं" म्हणून गेल्या.

मार्चमध्ये निकाल ऑनलाईन भरायचा दिवस आला. संध्याकाळी सहाला साईट बंद होणार होती. बाई माझ्या शेजारी बसल्या आणि एकसष्ट पोरांपुढे 'उत्तीर्ण' भरून थांबल्या.

"पुढचे?" मी विचारलं.

"यांचा नंबरच आला नाही. तसं लिहायला जागा कुठंय?"

जागा नव्हती. 'उत्तीर्ण' आणि 'अनुत्तीर्ण', दोनच रकाने.

हेडसर आत आले. ते वाईट माणूस नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो. "बाई, पोरांचं वर्ष जाईल," ते म्हणाले. "कुणाचं लग्न लावून टाकतील, कोण मेंढरांमागं जाईल. टाका पास."

"नापास टाकवत नाही, सर. त्यांची चूक काय? आणि पास टाकू तर त्यांना येतं काय?"

बाई माऊसवर हात ठेवून बसून राहिल्या. पाचच्या एसटीचा हॉर्न वाजला तशा उठल्या, पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "माझा हात होत नाही, भाऊसाहेब."

आमच्याकडे सगळ्या शिक्षकांचे पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या ड्रॉवरमध्ये असतात, खोल्यांच्या किल्ल्या असतात तसे. ही सोय आहे. मला कुणी काही सांगितलं नाही. हेडसर नुसते माझ्याकडे बघत चहा पीत होते. पावणेसहाला मी बाईंच्या नावानं आत गेलो आणि तेवीस वेळा 'उत्तीर्ण' दाबलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी हे करणार हे बाईंना जाताना माहीत होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सहीसाठी छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चौऱ्याऐंशी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग सवयीनं कागद उलटा केला. मागं कोरं होतं. कोऱ्या बाजूकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग सरळ करून खाली सही केली. मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरी म्हणायच्या ते मला त्या दिवशी कळलं.

नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना बाईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. तो टाईप करायला माझं मशीन मागितलं. मी खुर्ची सोडली. त्यांनी अर्ज लिहिला, बंद केला, परत उघडला, वाचला आणि मग छापला.

पावसाळ्यात हळद आणायला सांगलीला गेलो तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आलो. बहिणीच्या पडवीत मशीन टाकून ब्लाऊज शिवत होत्या. डोळ्यांवर जाड भिंगं आली होती. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या तेवीस जणांचं काय झालं?"

"सगळे पास झाले, बाई. दाखले घेऊन गेले."

"ते माहीत आहे मला," बाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. तो काही ओवला जाईना. मी पुढं होऊन ओवून दिला. त्या माणसासाठी मला एवढंच करता आलं.

दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसच्या दारात बासष्ट नंबर उभी. वाईला पुढचं शिकायला गेली होती. थोडी वाळली होती.

"आवं भाऊसाहेब, बाई कुठं हाईत?"

"बाई गेल्या सांगलीला. नोकरी सोडली. काय काम होतं?"

"तितं संगणकाचा येगळा तास हाय, पर ज्यास्नी येत न्हाई त्येंच्यासाठी. मला घेत न्हाईत. म्हंत्यात, तुझ्या दाखल्यावर पास हाय, तुला कशाला? समदी पोरं करत्यात, म्या नुसती बगत बसती." ती चपलेकडे बघत होती. "म्हून आल्ते. म्हनलं, बाई माझा लंबर घेत्याल."

मी उठलो आणि माझी खुर्ची ओढून दिली. "बस."

तिनं पर्समधून तो वहीचा कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता. एका बोटानं तिनं सरपंचाला अर्ज लिहिला. "बंद कर," मी म्हणालो. तिनं केला. "परत उघड." चार वेळा चुकली. मला बाईंसारखं गप्प बसायला जमत नव्हतं, मी मधेमधे बोट दाखवत होतो. पाचव्या वेळी मात्र अर्ज तिचा तिनं शोधून उघडला आणि ती हसली. या सगळ्याला पाऊण तास लागला होता.

मी किल्ली घेऊन तिला शिवणाच्या खोलीत नेलं. भिंतीवरची यादी तशीच होती. खिडकीत बाईंची लाल पेन्सिल सापडली, ती घेऊन मी तिच्या नावापुढे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब," ती हळूच म्हणाली. "खूण बाई करत्यात."

मी बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, तेच. पोरीची एसटी चारची होती, ती थांबू शकत नव्हती. वस्तीपाशी गाडी अजून थांबत नाही, त्यामुळे तिला फाट्यापासून चालायचं होतं.

यादी अजून भिंतीवर आहे. एकसष्टपर्यंत लाल खुणा, पुढची तेवीस नावं मोकळी. दाखल्यावर चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी पास.